ज्या गाडीला निरोप द्यायला कोणी येत नाही

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक संमेलनातील व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, भाषा आणि संस्कार या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले आहेत. त्यांच्या पंक्तीत बसण्याइतका माझा अधिकार नाही. गेली वीस-बावीस वर्षे सवडीच्या वेळी मी मालगाड्यांची छायाचित्रे काढत आलो आहे आणि संयोजकांनी त्याच विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. हा छंद कळला की समोरचा हमखास विचारतो, "मालगाडीत पाहण्यासारखे काय असते?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या जबलपूरकरांना रेल्वेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८७० मध्ये याच गावात एकमेकांना मिळाले आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग अखंड झाला. येथील कितीतरी मराठी घराणी रेल्वेच्या, तारखात्याच्या आणि संरक्षण कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे येथे स्थिरावली. सुटीत नागपूर-अमरावतीकडे जाताना इटारसीला गाडी बदलण्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या गाठीशी असेल. ट्रंकेवर बसून आपण पुढच्या गाडीची वाट पाहत असू, आणि त्याच वेळी पलीकडच्या रुळांवरून मालगाडीमागून मालगाडी जात असे. आपण तिच्याकडे पाहत नसू. ती गेली की पलीकडचा फलाट पुन्हा दिसेल, एवढाच आपला तिच्याशी संबंध.

मेलगाडीला निरोप द्यायला माणसे येतात, हार येतात, डोळ्यांत पाणी येते. मालगाडीला कोणी निरोप देत नाही आणि तिची कोणी वाटही पाहत नाही. तरीही आपल्या घरातला दिवा तिच्यावर जळतो. २०२२-२३ या वर्षात भारतीय रेल्वेने दीडशे कोटी टनांहून अधिक माल वाहिला आणि त्यातील जवळजवळ निम्मा कोळसा होता. प्रवासी भाड्यातून रेल्वेचा खर्च भागत नाही. ती तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून निघते. म्हणजे आपण ज्या गाडीकडे पाठ फिरवून बसत होतो, तीच आपल्या तिकिटाचा काही भाग भरत होती.

मालगाडी पाहायला शिकावी लागते, आणि हे शिकणे अक्षरओळखीसारखे आहे. प्रत्येक वाघिणीवर तिची लिपी रंगवलेली असते. इंग्रजी अक्षरांपैकी 'बी' म्हणजे बोगी, 'सी' म्हणजे झाकलेली, 'टी' म्हणजे टाकी, तर शेवटचा 'एन' हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक दर्शवतो. एवढे कळले की 'बीसीएन' ही धान्याची, खताची किंवा सिमेंटची बंद वाघीण आणि 'बीटीपीएन' ही पेट्रोल-डिझेलची टाकी, हे दुरूनच ओळखता येते. 'बॉक्सएन' ही कोळशाची उघडी वाघीण. 'बॉबआरएन' ही वीजकेंद्रात पोटाचे दरवाजे उघडून खालच्या खाली रिकामी होते. मोडीत निघण्याच्या वयाला आलेले जुने प्रवासी डबेदेखील मालगाडीत भेटतात. त्यांच्या खिडक्या बुजवून त्यांतून नव्या मोटारी पाठवल्या जातात. ज्या डब्यात एके काळी आपली आजी लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली असेल, त्यात आज मोटारी बसलेल्या असतात.

वाघिणीवर अकरा आकड्यांचा एक क्रमांकही असतो. पहिले दोन आकडे तिचा प्रकार सांगतात आणि पुढचे दोन तिची मालक रेल्वे. पाचवा व सहावा आकडा तिच्या जन्माचे वर्ष असतो. त्यानंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीचे दहा बरोबर आहेत ना, हे तपासण्यासाठी. पाचव्या-सहाव्या स्थानी ९८ असेल, तर ती वाघीण १९९८ ची. त्या वर्षी आपल्या शाळेतून दहावी झालेल्यांनी ती समवयस्क मैत्रीण समजावी! अशी एखादी वाघीण छायाचित्रात आली की मी तो क्रमांक, तारीख व ठिकाण वहीत उतरवून ठेवतो. केवळ चित्र असले तर ते शोभेचे राहते. नोंदीची जोड मिळाली की त्याचा दस्तऐवज होतो.

आता प्रत्यक्ष छायाचित्रणाविषयी. इटारसीहून लोहमार्ग चार दिशांना जातात : भोपाळ, नागपूर, जबलपूर आणि खंडवा-भुसावळ. नागपूरचा मार्ग साधारण दक्षिणेकडे जातो. म्हणून सकाळी त्याच्या पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला उभे राहावे, म्हणजे गाडीच्या अंगावर ऊन येते. जबलपूरचा मार्ग पूर्वेकडे जातो आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला झुकलेला असतो, तेव्हा तेथे दक्षिणेची बाजू धरावी. अठ्ठावन्न वाघिणींची गाडी सहाशे मीटरहून लांब असते. ताशी साठ किलोमीटर वेगाने ती चाळीस सेकंदांत समोरून निघून जाते, आणि इंजिनाचा मनासारखा कोन त्यातल्या एखाद्याच सेकंदाला मिळतो. त्या सेकंदासाठी कधी दोन-दोन तास थांबावे लागते, कारण मालगाडीचे वेळापत्रक आपल्यासाठी कुठे छापलेले नसते.

इटारसी आणि बैतूल यांच्या दरम्यान धाराखोह-मरामझिरीचा घाट आहे. सातपुडा चढताना जड गाड्यांना तेथे जादा इंजिनांचे बळ द्यावे लागते. तेथे गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येते. सागाच्या रानातून प्रथम एक घरघर उठते, मग वळणावर पुढची इंजिने दिसतात, संथपणे वाघिणी सरकत राहतात, आणि मागून रेटणारी इंजिने समोर आली की पायाखालची जमीन थरथरते. पुढचा चालक आणि मागचा चालक एकमेकांना दिसत नाहीत, तरी दोघांचा जोर एकाच वेळी लागावा लागतो. ही गोष्ट एका चित्रात मावत नाही. म्हणून मी पुढचे टोक, मधला भाग आणि मागचे टोक अशी तीन चित्रे घेतो आणि ती एकाखाली एक लावतो.

येथे उपस्थित असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. रुळांवर किंवा यार्डात विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह असतो, आणि स्पर्श झाला नाही तरी केवळ जवळ गेल्यानेही तो जीव घेऊ शकतो. माझी चित्रे रस्त्याच्या पुलावरून, फाटकाबाहेरून, फलाटावरून आणि रुळांपासून दूर असलेल्या शेताच्या बांधावरून घेतलेली आहेत. पुलावरून यार्ड जितके समजते, तितके ते आत शिरून समजत नाही. रूळ कसे फुटतात, कोणती गाडी कोणासाठी थांबली आहे, हे सारे वरूनच उलगडते.

१७ जून २०१५ रोजी इटारसीच्या सिग्नल-नियंत्रण केबिनला आग लागली. एका इमारतीतली यंत्रणा जळाली आणि चारही दिशांच्या गाड्या खोळंबल्या. शेकडो गाड्या रद्द झाल्या, कित्येक दुसऱ्या मार्गांनी वळवल्या गेल्या, आणि हा विस्कळीतपणा महिनाभराहून अधिक काळ चालला. त्या दिवसांत कर्मचारी सांधे हातांनी फिरवून, कुलपे लावून आणि झेंडे दाखवून गाड्या सोडत होते. मी फलाटावरून घेतलेल्या तेव्हाच्या चित्रांत विझलेला सिग्नल आहे आणि त्याच्याखाली भर पावसात हिरवा झेंडा धरून उभा असलेला माणूस आहे. एरवी त्या माणसाकडे कोणाचे लक्ष गेले असते?

मित्रहो, आता मूळ प्रश्नाच्या उत्तराशी येतो. माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. रात्री-अपरात्री कॉलमन दाराची कडी वाजवी, आई डबा भरून देई आणि वडील निघून जात. इटारसी येथून सुमारे अडीचशे किलोमीटर. मेलगाडीला वाट देत, लूप लाइनवर थांबत त्यांची गाडी तेथे केव्हा पोहोचेल, याचा नेम नसे. शेवटच्या डब्यात एकटा माणूस, जवळ कंदील, झेंडे आणि लोखंडी पेटी. लग्नाचे, मुंजीचे, निवृत्तीच्या समारंभाचे असे त्यांचे फोटो आमच्या घरी आहेत. ज्या डब्यात त्यांच्या आयुष्याची तीस वर्षे गेली, त्या डब्यातला एकही नाही. ते कामावर कसे उभे राहत, हे आता मला कोणीच दाखवू शकत नाही.

म्हणून मी प्रत्येक गाडीचे शेवटचे चित्र गार्डाच्या डब्याचे घेतो. एकदा घाटाखालच्या एका फाटकाजवळ असेच चित्र मिळाले. गार्ड डब्याच्या ओसरीत उभे होते, हातात हिरवा झेंडा होता आणि मागे सातपुडा. चौकशी करून त्यांचा पत्ता मिळवला आणि छापील प्रत पाठवली. काही दिवसांनी त्यांच्या कन्येचा फोन आला. ती म्हणाली, "काका, बाबा कामावर असताना कसे दिसतात, हे आम्ही घरात आज पहिल्यांदा पाहिलं." जानेवारी २०२२ मध्ये 'गार्ड' हे पदनाम जाऊन 'ट्रेन मॅनेजर' आले. शेवटच्या डब्याऐवजी गाडीचा माग सांगणारे यंत्र बसवण्याचे कामही सुरू आहे. ज्यांनी या बदलाआधी ती ओसरी टिपली, त्यांच्याकडेच ती उरेल.

मालगाडीत पाहण्यासारखे काय असते, याचे माझे उत्तर इतकेच की रोज जी समोरून जाते, तिची नोंद कोणीच ठेवत नाही, आणि म्हणून ती आपण ठेवावी.

हेच मला आपल्या शाळेविषयी सांगायचे आहे. या स्मरणिकेसाठी कपाटातली छायाचित्रे काढली, तेव्हा मीही मदतीला होतो. पारितोषिक वितरण, स्नेहसंमेलन, पाहुण्यांचा सत्कार असे सारे समारंभ तेथे आहेत. साठ वर्षांतला एखादा साधा मंगळवार मात्र सापडला नाही. घंटा वाजवणारे शिपाईकाका, फळ्यावरचा सुविचार, मधल्या सुटीत पोळीभाजीची अदलाबदल करणारी मुले, वह्यांचा गठ्ठा काखोटीला मारून जिना चढणाऱ्या बाई यांपैकी कोणीच त्या कपाटात नाही. हिंदी मुलखात मराठी शाळा साठ वर्षे चालली, ती अशा साध्या मंगळवारांच्या जोरावर.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपापल्या पेट्या उघडा. समारंभाच्या चित्रातसुद्धा कोपऱ्यात कोणीतरी सतरंजी उचलत असेल. त्याचे नाव आठवत असेल, तर मागे मऊ पेन्सिलीने लिहा, जमल्यास साल लिहा, आणि प्रत शाळेत आणून द्या. आज येथे शिकणाऱ्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन याच आठवड्यातला एक साधा दिवस टिपावा. शताब्दीच्या वेळी कपाट उघडणाऱ्याला शाळा चालू असलेली दिसावी, एवढीच इच्छा.