शर्यतीच्या लॉनमोअरचें पुढचें अंग खालीं आणतांना

गवत कापण्याचें यंत्र आणि शर्यत हे दोन शब्द एका वाक्यांत आले म्हणजे श्रोत्यांना हसूं येणें साहजिक आहे. गवत कापण्याचें पहिलें यंत्र इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत एडविन बडिंग यानें १८३० सालीं सिद्ध केलें. कापडावरील लव भादरणारें गिरणींतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. हिरवळ सारखी राखणें एवढेंच त्याचें काम होतें. माणसाला बसवून शर्यतींत धांवणें हें त्याच्या नशिबीं पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं आलें. १९७३ सालीं ससेक्समधील विझबरो ग्रीन या खेड्यांत जिम गॅव्हिन व त्याचे मित्र एका पानगृहांत जमले होते. मोटारींच्या शर्यतींचा खर्च सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर गेला, त्याला उपाय काय, असा विचार चालला असतां, जवळजवळ प्रत्येकाच्या परसांतील छपरींत गवत कापण्याचें यंत्र आहेच, हें कोणाच्या तरी ध्यानांत आलें. त्यांतून ब्रिटिश लॉनमोअर रेसिंग असोसिएशन जन्मास आली. रोख बक्षीस नाहीं आणि व्यापाऱ्यांचा आश्रयही नाहीं, हा दंडक तिनें प्रथमपासून घातला. मोटारींच्या शर्यतींत नांव गाजविलेले स्टर्लिंग मॉस व डेरेक बेल यांनीं तिची बारा तासांची शर्यत जिंकली, यावरून हा खेळ केवळ थट्टेचा नव्हे हें दिसेल.

शर्यतीपूर्वीं यंत्राचीं पातीं काढून टाकावीं लागतात. हा नियम सुरक्षिततेचा आहे, पण त्याचा दुसराही एक परिणाम होतो. पातीं व त्यांवरील लोखंडी झांकण सांगाड्याखालीं लोंबत असल्यामुळेंच सांगाडा मुळांत उंच ठेवलेला असतो. पातीं गेलीं कीं त्या उंचीचें कारण संपतें, आणि धोका मात्र उरतो. कडब्यानें शीगोशीग भरलेली गाडी वळणावर कलंडते, पण तेवढ्याच वजनाचीं धान्याचीं पोतीं भरलेली गाडी कलंडत नाहीं, हें शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. गुरुत्वमध्य जितका उंच आणि चाकांमधील अंतर जितकें कमी, तितकें वाहन लवकर उलटतें. लॉनमोअर आंखूड, अरुंद आणि उंच असतो. त्यावर बसलेला माणूस तर त्याहून उंच असतो. म्हणून पुष्कळ हौशी कारागीर प्रथम पुढचें अंग खालीं आणण्याच्या उद्योगास लागतात.

त्याच्या दोन रीती आहेत. पुढचा आंस सांगाड्याला मध्यभागीं एकाच खिळीवर, तराजूच्या दांडीसारखा, टांगलेला असतो. त्या खिळीचें भोक वर सरकविलें कीं आंस वर जातो आणि सांगाडा खालीं बसतो. दुसऱ्या रीतींत आंसाला हात लावीत नाहींत. ज्या उभ्या खुंटीभोंवतीं चाक वळतें, तिच्यावरील चाकाचा दांडा कापून वरच्या बाजूस वितळजोडानें पुन्हां बसवितात. ही रीत सोपी दिसते. परंतु तो जोड कच्चा राहिला तर भर वेगांत चाक निखळतें. म्हणून तेथें आधाराची पट्टी देणें अत्यावश्यक आहे.

आतां या खटपटीनें लाभ किती होतो तें पाहूं गेल्यास आंकडे उद्‌बोधक आहेत. समजा, यंत्राचें वजन १५० किलो असून त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आहे. स्वार ७५ किलोचा असून त्याचा गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर आहे. दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर येतो. पुढचें अंग ५ सेंटिमीटर खालीं आणलें, तरी भार मागच्या आंसाकडे अधिक असल्यामुळें एकंदर गुरुत्वमध्य सुमारें २ सेंटिमीटरच उतरतो. उलट, स्वाराची बैठक १५ सेंटिमीटर खालीं घेतली तर तो पुरा ५ सेंटिमीटर उतरतो. अर्थात् पहिला हात बैठकीला लागला पाहिजे, आणि पुढच्या आंसाची पाळी त्यानंतर यावी.

पुढचेंच अंग खालीं आणण्यांत आणखी एक छुपी मेख आहे. सायकलचा पुढचा चिमटा किंचित् मागें कललेला असतो, म्हणूनच हात सोडले तरी चाक सरळ धांवूं पाहतें. लॉनमोअरच्या चाकांच्या खुंट्याही अशाच किंचित् मागें झुकलेल्या असाव्या लागतात. दोन आंसांमधील अंतर १२० सेंटिमीटर धरलें आणि पुढचें अंग ५ सेंटिमीटर खालीं गेलें, तर सारा सांगाडा सुमारें २.४ अंशांनीं पुढें ओणवा होतो, आणि खुंट्यांचा कल तेवढाच घटतो. मुळांत तो थोडाच असेल तर जवळजवळ नाहींसा होतो. मग चाकें आपोआप सरळ होत नाहींत. सावकाश चालतांना हें जाणवतही नाहीं. पण ताशीं साठसत्तर किलोमीटर वेगानें, खांचखळग्यांच्या कुरणावर, सुकाणूचें चक्र हातांत थरथरूं लागतें. उलटण्याचें भय थोडें कमी करण्यासाठीं केलेला बदल अशा वेळीं स्वाराला वाटेबाहेर फेंकतो. यास उपाय दोन. मागचें अंगही तितकेंच खालीं आणावें, म्हणजे कल जसाचा तसा राहतो. तें शक्य नसेल तर आंसाची बैठक मागें तिरपी करून गेलेले अंश परत मिळवावेत.

यानंतर तीन गोष्टींची तपासणी उरते. आंस दांडीसारखा झुलला पाहिजे. सांगाडा त्याला आड आला तर खळग्यांत एक चाक अधांतरीं राहतें आणि वळण घेणें दुसऱ्यावरच पडतें. सुकाणूपासून चाकाकडे जाणारा गज आंस वर गेल्यानें तिरपा होतो, आणि मग आंसाच्या प्रत्येक झोक्याबरोबर चाकें स्वतःच वळूं लागतात. म्हणून गजाचीं दोन्हीं टोकें पुन्हां समपातळींत आणावीत. शेवटीं, चाकें दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून तीं पायठेवणीला घासत नाहींत ना, आणि स्वार बसल्यावर एंजिनखालचा पट्टा व कप्पी जमिनीपासून पुरेशी वर राहते ना, हें पाहावें.

हीं कामें परसांतल्या छपरींत, साध्या हत्यारांनीं होण्यासारखीं आहेत, आणि या खेळाची गोडी बरीचशी त्यांतच आहे. मात्र काम झालें कीं पहिली फेरी मोकळ्या कुरणावर, मंद वेगानें घ्यावी. किंचित् वळण घेऊन हाताची पकड सैल केली असतां चाकें आपणहून सरळ झालीं, तर पुढच्या फेरीस वेग वाढवावा. न झालीं तर यंत्र पुन्हां छपरींत न्यावें.