साबुदाण्यामागील कंद



एकादशीस ज्या घरांत साबुदाणा भिजत नाहीं असें मराठी घर विरळाच. परंतु हा दाणा कोणत्या झाडास लागतो, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें तर आपण घोटाळ्यांत पडतों. वस्तुतः तो कोणत्याच झाडास लागत नाहीं. पूर्वीं मलायांतून येणारा साबुदाणा ताडासारख्या एका वृक्षाच्या गाभ्यांतील पिठाचा असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ च्या सुमारास, तामिळनाडूंतील सेलम येथें टॅपिओका नांवाच्या कंदाच्या सत्त्वापासून तो करूं लागले, आणि आज आपल्या पानांत पडतो तो हाच.

हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. पोर्तुगीजांच्या हातून तो केरळांत आला. १८८० ते १८८५ या काळांत त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम् तिरुनाळ महाराजांनीं त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. पुढें १९४२ सालीं ब्रह्मदेशचा तांदूळ येईनासा झाला, तेव्हां तेथील गरिबांस या कंदानेंच तारिलें.

मात्र हा तारणारा कंद बेफिकिरीनें हाताळण्याजोगा नाहीं. त्याच्या पेशींत दोन द्रव्यें निरनिराळीं राहतात. कंद चिरला किंवा किसला म्हणजे तीं एकत्र येतात आणि त्यांतून हायड्रोसायनिक आम्ल हें विष निर्माण होतें. कडू जातींत तें पुष्कळ, गोड जातींत थोडें; गराहून सालींत अधिक. म्हणून हा कंद कच्चा कधींही खाऊं नये, आणि कडू जात घरीं शिजविण्याच्या भरीस पडूं नये.

गोड कंद घ्यावा. वरची तपकिरी साल आणि तिच्याखालचा जाड पापुद्रा, दोन्ही काढावीं. लहान तुकडे करून मधला दोरा काढून टाकावा. भरपूर पाण्यांत, झांकण न ठेवतां, तुकडे पुरते मऊ होईपर्यंत शिजवावे आणि तें पाणी ओतून द्यावें. त्या पाण्याची आमटी करण्याची काटकसर येथें नको. नंतर ओलें खोबरें, हिरवी मिरची, जिरें व हळद वाटून त्यांत घोटावी. केरळांत याच्या जोडीस माशाचें कालवण असतें, आणि ती केवळ चवीची बाब नाहीं. या कंदांत पिष्ट विपुल, पण प्रथिनें शंभर ग्रॅममागें सुमारें एकच ग्रॅम. तेव्हां मासे, डाळ किंवा शेंगदाणे सोबत हवेतच. आपल्या खिचडींत दाण्याचें कूट घालणाऱ्या आजीबाईंनीं ही उणीव न कळत भरून काढिली आहे!

आतां साठवणीसंबंधीं. बटाट्याप्रमाणें हा कंद टोपलींत महिनाभर राहील अशी आशा धरूं नये. उपटल्यावर दोन-तीन दिवसांतच गरांत निळसर-काळ्या रेघा उमटतात. म्हणून शेतकरी तो लागेल तसाच जमिनींतून काढतात. विकत घेतांना टोंक मोडून पाहावें. गर पांढरा शुभ्र असावा, आंबूस वास नसावा. न दुखावलेले कंद ओलसर लांकडी भुशांत पुरून ठेविल्यास कांहीं आठवडे टिकतात. सोललेले तुकडे पाण्यांत बुडवून शीतकपाटांत दोन-तीन दिवस राहतात. पाणी मात्र रोज बदलावें. बर्फाच्या कप्प्यांत ते कांहीं महिने राहतात. केरळांतील गृहिणी तुकडे अर्धवट उकडून, उन्हांत कडकडीत वाळवून पावसाळ्याची बेगमी करितात.

ही सावधगिरी अनाठायीं वाटल्यास एक हकीकत ऐकावी. १९८१ सालीं आफ्रिकेंतील मोझांबिकच्या नांपुला प्रांतांत अवर्षण पडलें. शेतांत उरला तो बहुतांशीं कडू कंद. तो भिजवून, वाळवून निर्विष करावयास दिवस लागतात, हें तेथील स्त्रियांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. पण घरांत भुकेलीं मुलें असतां थांबणार कसें? जोडीला प्रथिनांचा घासही नव्हता. एक हजाराहून अधिक माणसें पायांनीं कायमचीं पंगू झालीं. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेंच होतीं. त्यांचें ज्ञान कमी पडलें नव्हतें; कमी पडला तो वेळ.

आपल्यापाशीं तो वेळ आहे. तेव्हां कंद घरीं आणाल तर सालीस व पाण्यास कंजुषी करूं नका. आणि पुढच्या एकादशीस मुलानें तो प्रश्न विचारला, तर उत्तर निःशंकपणें द्या.