हँडल पोटात लागलं तेव्हा



शाळेला सुट्टी लागली की आपल्या सातारा-सांगलीकडची पोरं घरातली मोठी सायकल बाहेर काढतात. पाणंदीतल्या चाकोरीत चाक अडकतं, सायकल आडवी होते आणि हँडलचं टोक पोटात बसतं. पोर कळवळतं, पण थोड्या वेळानं उठतं, रात्री जेवतंही. पोटावर रुपयाएवढा गोल वण दिसतो, तेवढाच. आई हळद लावते आणि विषय संपतो. पुष्कळ मुलं तर रागावतील म्हणून घरी सांगतच नाहीत.

पण खरी इजा आत झालेली असू शकते. जठराच्या मागं, पाठीच्या कण्यावर आडवं स्वादुपिंड असतं. हँडलचा दणका बसला की ते कण्यावर चेपतं. त्याची नळी फाटली, तर अन्न पचवणारा रस पोटात झिरपतो आणि आजूबाजूच्या अवयवांना इजा करतो. हे सावकाश होतं. पहिल्या दिवशी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी चांगलीही येऊ शकते. पुढं पोट दुखतं, उलट्या होतात, ताप येतो. काही आठवड्यांनी पोटाचा वरचा भाग फुगतो, कारण आत त्या रसाची पिशवी धरलेली असते. तिला डॉक्टर स्यूडोसिस्ट म्हणतात.

अशा प्रत्येक मुलाचं पोट उघडावं लागत नाही. सलाईन, योग्य आहार आणि देखरेख यांवर पुष्कळ मुलं बरी होतात, पिशवीही जिरते. जिरली नाही, तर सर्जन साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. नातेवाइकांना ही चालढकल वाटते. पण पिशवीची भिंत टाके धरण्याइतकी जाड व्हावी लागते. मग पिशवी जठराला जोडून वाट करतात आणि साचलेला रस जठरात उतरतो. हल्ली हे काम दुर्बिणीनंही होतं. नळी स्वादुपिंडाच्या शेपटीकडं, म्हणजे निमुळत्या टोकाकडं, पूर्ण तुटली असेल, तर मात्र लवकर शस्त्रक्रिया करून तो तुकडा काढतात आणि शेजारची प्लीहा जपतात. मुलांना जंतुसंसर्गाशी लढायला ती हवी असते.

मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं, तेव्हापासून लांबलांबचे रोगी मिरजेला येतात. आज ही इजा शोधायला लागणारा सीटी स्कॅन मिरज, सांगली, कराड, साताऱ्याला होतो. त्यामुळे माझ्या मते उशीर होतो तो घरात.

म्हणून आईवडिलांनो, मुलाला न रागावता विचारा, "पोटाला काही लागलं होतं का?" लागलं असेल, तर महिना उलटला असला तरी डॉक्टरांना ते आधी सांगा.