युद्ध तेरा दिवसांचे, आयुष्य पन्नास वर्षांचे



सातारा जिल्ह्यातल्या एस.टी. स्टँडवर एखादे तरी ‘मेजर’ भेटतातच. हुद्दा नाईकाचा असो की हवालदाराचा, गावाच्या लेखी ते मेजर. अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात लढलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे ‘जंगी पलटण’, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पिछाडीला गेली आणि टांगाइलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरच्या ठाण्यातल्या पाकिस्तानी फौजेने कोंडी फोडायला निकराचा हल्ला चढवला. मराठे जागचे हलले नाहीत. सकाळी जमालपूर पडले, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली.

युद्ध तेरा दिवसांत संपले. जवानाचे पुढचे आयुष्य मात्र पन्नास वर्षांचे. तेव्हा साधा शिपाई पस्तिशीच्या आतबाहेर पेन्शनवर येई. मुले शाळेत, जमीन कोरडवाहू, पेन्शन तुटपुंजी. मग कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला, कुणी साखर कारखान्याच्या गेटवर. समान हुद्दा, समान पेन्शन हा हक्क पदरात पडायला २०१५ साल उजाडले. तोवर कित्येक जण गेलेही होते.

आमच्या भागातल्या एका निवृत्त नाईकांबरोबर मी गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला काढायला सुविधा केंद्रात गेलो होतो. यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. आधी रायफल, मग नांगर आणि विळा. बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. केंद्रातल्या पोराने अंगठा पुसला, पुन्हा टेकवला, मग मोबाइलवर चेहरा टिपून काम पुरे केले. तो शेवटपर्यंत त्यांच्याशी ‘आजोबा, घाई नाही’ असेच बोलत होता. म्हाताऱ्या जवानाचा मान यालाच म्हणतात. २६ जानेवारीचा नारळ आणि शाल एका दिवसापुरती. कागदपत्रांसाठीचे हेलपाटे बारा महिने असतात.

आज पहाटे रस्त्यावर पळणारी पोरे अग्निवीर व्हायला निघाली आहेत. त्यांची नोकरी चार वर्षांची. पुढे कायम होतील ते थोडेच. फौजेतून परतल्यावर माणूस पुन्हा कसा उभा राहतो, हे त्यांना या मेजरांइतके कोण सांगेल?

म्हणून विनंती आहे. तुमच्या गावच्या माजी सैनिकाजवळ बसा. पलटण कोणती, ठाणे कोणते, सोबती कोण होते, परत आल्यावर संसार कसा उभा केला, हे विचारा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सेनापतींची चरित्रे छापली जातात. नदी ओलांडणाऱ्या शिपायाचा इतिहास त्याच्या गावानेच लिहायचा असतो, आणि सांगणारे हयात आहेत तोवरच तो लिहून होईल.