यादीतले एकही नाव गळू नये!
दिवाळी सरली की तळा परिसरातील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. सोबतच्या बालकांच्या हाती पाटीऐवजी वीट येते.

वेठबिगारी १९७६ मध्ये, तर चौदा वर्षांखालील मुलांना मजुरीस लावणे २०१६ च्या दुरुस्तीने सर्वत्र निषिद्ध ठरले. मात्र कायद्याला डोळे समाजानेच द्यावयाचे असतात.

ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ चालविल्या. परंतु मूल जिल्ह्याची सीमा ओलांडते. तेथे एकटी संस्था अपुरी पडते. वाडीतील संस्थेने स्थलांतरित मुलांची यादी भट्टीजवळच्या संस्थेकडे सोपवावी. तिने शाळाप्रवेश पाहावा, मूल राबताना दिसल्यास १०९८ वर कळवावे. जूनमध्ये तीच यादी, एकही नाव न गळता, वाडीत परत यावी!