निसर्गाचे तेल आणि कातडीचा रंग



कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने प्रसाधनांवर काय बोलावे, असे कोणाच्या मनात आले असेल. पण कातडी उजळण्याच्या या विद्येचा एक उगम कारखान्यातच आहे. १९३९ साली अमेरिकेतल्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडल्याची हकिकत डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. दोष निघाला रबरी हातमोज्यांत मिसळलेल्या, हायड्रोक्विनोनपासून बनणाऱ्या एका द्रव्याचा. कामगाराला जी इजा झाली, तिच्याच कुळातले हायड्रोक्विनोन पुढे गोरेपणाच्या मलमांत घालून विकले गेले!

त्या मलमांचे दुष्परिणाम दिसू लागले तेव्हा बाजाराने ‘नैसर्गिक’ हा शब्द पुढे केला. चंदनाचे तेल, दालचिनीचे तेल, लिंबाच्या सालीचे तेल. दावा अगदीच निराधार नाही. आपल्या कातडीत टायरोसिनेज नावाच्या विकरामुळे रंगद्रव्य तयार होते, आणि प्रयोगशाळेत काही तेले त्या विकराला अडवतात. मात्र यातले पुष्कळसे प्रयोग अळंबीतून काढलेल्या विकरावर झालेले आहेत. अळंबी म्हणजे बाईचा गाल नव्हे!

लिंबाचेच पाहा. साल दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेनसारखी द्रव्ये असतात. ते लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते व मागे काळसर डाग राहतात. उन्हात बसून भाजी विकणारणीने मग काय करावे?

आणि जपानात तर २०१३ साली कानेबो कंपनीला आपली प्रसाधने बाजारातून परत घ्यावी लागली. त्यांतले रोडोडेनॉल हे द्रव्य झाडांच्या सालीतही आढळते. ते वापरणाऱ्या हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठले. कारखान्यात हातमोज्यांनी केले, तेच इथे घरातल्या बाटलीने केले.

आम्हाला खरा राग येतो तो निराळ्या गोष्टीचा. काउंटरवर उजळ मुलगी हवी, असे मालक तोंडाने म्हणत नाही. निवड मात्र तशीच होते. मग मुलगी पहिल्या पगारातून बाटली आणते. हा खर्च वास्तविक नोकरीचा, पण भरते ती.

ज्यांच्या घरी अशी बाटली असेल त्यांनी पांढरा चट्टा दिसताच तेल बंद करावे. बाटली फेकू नये. ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.