नाटकाच्या पदवीचा हिशेब



बारावीचा निकाल लागून आठवडा झाला असेल. आर्णीजवळच्या एका खेड्यातले शेतकरी सकाळीच माझ्या घरी आले. सोबत मुलगी. माझ्या शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दोन वर्षे तिनेच नाटक बसवले होते. ओट्यावर टेकता टेकताच ते म्हणाले, ‘‘सर, नाटकाची बी डिग्री रायते काय? अन् रायते, तर मंग ते घेऊन मानूस करते काय?’’

मुलगी खाली मान घालून उभी. मी चहा सांगितला, पण उत्तर लगेच दिले नाही. त्याला कारण आहे.

२००८ साली असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. अंगात अभिनय होता, आवाज होता. मोठ्या शहरातल्या एका खाजगी संस्थेची जाहिरात त्याने कापून आणली होती. एक वर्षाचा अभ्यासक्रम, सव्वा लाख रुपये फी. मी माहितीपत्रक नीट वाचलेसुद्धा नाही. ‘जा बेटा’ म्हणालो आणि त्याच्या वडिलांचीही समजूत घातली. त्यांनी एक एकर वावर विकले. वर्षअखेरीस मुलाच्या हाती जे आले ते प्रमाणपत्र होते, पदवी नव्हे. त्यावर पुढे कुठे प्रवेश मिळेना की नोकरी. तो परत आला. आज त्याचा मंडप-डेकोरेशनचा बरा धंदा आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याच्या वडिलांची नजर मात्र मला अजून चुकवावीशी वाटते.

म्हणून या खेपेला कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब आज आपल्यापुढे ठेवतो, कारण असे आईबाप आपल्या भागात आता बरेच आहेत.

पहिली गोष्ट ही की सरकारी विद्यापीठांत नाटकाचे शिक्षण महाग नाही. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, १९८७ पासून. तिथे बारावीनंतर पदवीला प्रवेश मिळतो. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग त्याहून जुना. मुंबई विद्यापीठाने २००३ साली नाट्यकला अकादमी काढली. तिथे पदवीनंतर दोन वर्षांचे शिक्षण आहे. या ठिकाणची फी हजारांत मोजतात, खाजगी संस्थांची लाखांत. आणि सरकारी विद्यापीठाची पदवी ही खरोखरीची पदवी असते. तिच्यावर स्पर्धा परीक्षेला बसता येते, एम.ए. करता येते, नाट्य विषयात नेट देऊन प्राध्यापकीसाठी अर्ज करता येतो. माहितीपत्रकात ‘पदवी’ लिहिले आहे की ‘प्रमाणपत्र’, आणि ती कोणत्या विद्यापीठाची, एवढे एक वाक्य मी २००८ साली वाचले असते तर!

पण फी हा खर्चाचा लहान भाग. खरा खर्च राहण्या-जेवणाचा. पुण्यात वाटून घेतलेली खोली, मेस, जाणे-येणे आणि किरकोळ मिळून महिन्याला दहा हजार धरले. वर्षाला एक लाख वीस हजार, तीन वर्षांचे तीन लाख साठ हजार. हा आकडा ऐकून मुलीचे वडील काही बोलले नाहीत. आपल्याकडे पैसा रुपयांत कळत नाही, कापसात कळतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने हे झाले सुमारे ४८ क्विंटल. त्यांचे चार एकर कोरडवाहू, एकरी पाच क्विंटल धरा, म्हणजे वर्षाला वीस. जवळजवळ अडीच वर्षांचा सगळा कापूस, आणि यात बियाणे, खत, फवारणी, वेचणी काहीच वजा केलेले नाही. तेव्हा कुठे ते म्हणाले, ‘‘हं, आता समजलं.’’

दुसरा रस्ता दिल्लीचा. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि विशेष म्हणजे निवडलेल्या विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. म्हणजे देशातले सर्वांत नावाजलेले नाट्यशिक्षण गरिबाला सर्वांत स्वस्त पडू शकते. मेख अशी की साऱ्या देशातून जागा तीसेक. अर्ज करायला आधी कोणत्याही विषयाची पदवी हवी आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव हवा. निरनिराळ्या शहरांत प्राथमिक चाचणी, त्यातून पुढे गेलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा, मग निवड. पंकज त्रिपाठींसारख्या नटालाही तिथे तिसऱ्या खेपेला प्रवेश मिळाला. २००४ साली ते शिकून बाहेर पडले आणि लोकांनी त्यांना ओळखले ते २०१२ च्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’नंतर. मधल्या आठ वर्षांत त्यांच्या पत्नीने शाळेत नोकरी करून घर सांभाळले, हे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. तो आठ वर्षांचा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

आपण मात्र नावेच मोजतो. मुक्ता बर्वे ललित कला केंद्रात शिकल्या, रोहिणी हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात. बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावातले वामन केंद्रे मराठवाडा विद्यापीठातून दिल्लीला गेले आणि २०१३ साली त्याच विद्यालयाचे संचालक झाले. ही उदाहरणे खरीच आहेत. पण त्यांच्या वर्गात शेजारी बसलेल्यांचे काय झाले, हे विचारायला हवे. त्यांच्यातले बरेच जण शाळांतून नाट्यशिबिरे घेतात, मालिकांच्या मागे लेखन-दिग्दर्शनाला हातभार लावतात, प्रकाशयोजना करतात, कुणी शिक्षक होतात. पोट भरते, पण पहिली काही वर्षे ओढाताणीची. हे मी मुलीसमोरच तिच्या वडिलांना सांगितले. तिने ऐकून घेतले.

पदवीवाचूनही नाटक होतेच. आपल्याच जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेले महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पगार इंग्रजीने दिला, नाटके त्यांनी लिहिली. तिकडे वडसा-गडचिरोलीकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेवर भूमिका त्यांच्या नावावर आहेत. शेती आणि नाटक दोन्ही त्यांनी सांभाळले. मग विद्यापीठ कशाला, असे मुलीच्या काकांचे म्हणणे पडले. मला ते पटत नाही. झाडीपट्टीत जन्मलेल्याला ती शाळा दारात मिळते, आमच्या आर्णीला ती नाही. इथे बाबा कंबलपोशांच्या उरुसाला गर्दी होते, पण वर्षभर तालमीला जागा शोधावी लागते.

मदतीचेही सांगतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. केंद्र सरकारचे सांस्कृतिक मंत्रालय १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये देते, पण त्यासाठी गुरूकडे पाच वर्षे शिकल्याचा पुरावा लागतो. २०२४ साली राज्याने जाहीर केलेली मुलींची फीमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ती नाटकाच्या पदवीला आपोआप लागू होईल असे धरून चालू नये. प्रवेशाआधी कार्यालयात विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेला २०२१ साली डेव्हिड गेफेन या धनिकाने १५ कोटी डॉलर दिले आणि तिथली फी सगळ्यांनाच माफ झाली. आपल्याकडे असा गेफेन निघेपर्यंत पावत्या सांभाळायच्या.

शेवटी दोन पर्याय उरले. एक, यवतमाळला घरून ये-जा करून बी.ए. करायचे, युवा महोत्सव आणि राज्य नाट्य स्पर्धेत सहा नाटके जमवायची आणि मग दिल्लीची परीक्षा. खर्च कमी, भरवसा कमी. दुसरा, आताच पुण्याची प्रवेश परीक्षा. माझा कल पहिल्याकडे होता, हे लपवत नाही. जळालेल्या माणसाचा कल होता तो. मुलगी एवढेच म्हणाली, ‘‘सर, तीन वर्षं घरी रायली त चौथ्या वर्षी माझं लग्न असते.’’ वडिलांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. यावर माझ्या कागदावर कुठलाच आकडा नव्हता.

तिने पुण्याची परीक्षा दिली आणि यादीत नाव लागले. दोन एकरांचा कापूस विकला नव्हता तो विकला, उरलेले मामाने दिले. परवा तिचे वडील बाजाराला आले असता डोकावून गेले. खोलीचे डिपॉझिट परत भेटते काय, एवढेच विचारत होते. भेटते, मी म्हणालो, पावती पेटीत ठेवा.